लॅबच्या सरावात टास्कचे दोन अर्थ निघाले तर कुठला धरायचा?

पिंग_लागेना

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण डोकं फिरलंय. सीसीआयई एन्टरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या लॅबची (आठ तासांचं प्रात्यक्षिक) तयारी करतोय, नोकरी सांभाळून, म्हणजे रोज रात्री दोन-अडीच तास आणि सुट्टीच्या दिवशी सलग आठ तास बसायचं असं ठरवलंय. प्रोटोकॉल बऱ्यापैकी येतात (निदान मला तरी तसं वाटतं, बीजीपी आणि ओएसपीएफ हे राऊटरनी एकमेकांना मार्ग सांगायचे प्रोटोकॉल झोपेतून उठवून विचारलं तरी लिहीन) पण टास्कची भाषाच गंडवते. टास्क वाचतो, एक अर्थ लागतो, तसं कन्फिगर करतो, पिंग चालतो, खुश होतो, आणि मागचं सोल्यूशन उघडलं की तिथे भलतंच काहीतरी.

या रविवारचीच तीन उदाहरणं देतो. वर्कबुक इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो.

पहिलं. आर1, आर2, आर3 हे तीन राऊटर एएस 65001 मध्ये (एएस म्हणजे एका व्यवस्थापनाखालचं नेटवर्क), आत आयबीजीपी (एएसच्या आतलं बीजीपी) फुल मेश, आर2 आणि आर3 दोघांची बाहेर एएस 65002 शी ईबीजीपी (दोन एएसमधलं बीजीपी). टास्क असा की एएस 65001 मधून बाहेर जाणारा ट्रॅफिक आर2 च्या लिंकने जावा, आर3 ची लिंक बॅकअप असावी, आणि कमीत कमी राऊटरवर बदल करा. मी आर1 वर आर2 नेबरला वेट (मार्गाला दिलेली पसंती) 200 लावलं, एका राऊटरवर एक ओळ, याहून कमी काय असणार? ट्रेसरूट आर2 वरूनच गेला. सोल्यूशनमध्ये आर2 वर लोकल प्रेफरन्स (अख्ख्या एएसला कळवली जाणारी पसंती).

दुसरं. आर4 चा लूपबॅक (राऊटरमधला काल्पनिक इंटरफेस, स्लॅश 24 चा) बाकीच्या राऊटरना ओएसपीएफमधून मूळ मास्कसकट दिसला पाहिजे. नेटवर्क स्टेटमेंट दिलं की तो स्लॅश 32 दिसतो हे माहीत होतं, म्हणून मी ते काढून रिडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड (थेट जोडलेली नेटवर्कं बाहेरचे मार्ग म्हणून ओएसपीएफमध्ये टाकणं) केलं, आता स्लॅश 24 दिसतोय. सोल्यूशन म्हणतं लूपबॅकवर नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट करा. अरे पण माझंही उत्तर बरोबरच आहे ना? मूळ मास्क दिसतोय ना?

तिसरं. व्हीलॅन 10 साठी पहिला स्विच रूट (स्पॅनिंग ट्रीतला मुख्य स्विच) असावा, पुढे कोणताही स्विच जोडला तरी. मी रूट प्रायमरीची कमांड मारली. सोल्यूशनमध्ये प्रायॉरिटी 0.

प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास असाच जातो, आधी करण्यात आणि मग सोल्यूशनशी भांडण्यात. ज्यांनी लॅब दिली आहे त्यांनी सांगा, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं कसं? की हे नुसतं सवयीने येतं?

जुनी_केबल

आधी एक सांगतो, तिसऱ्या खेपेला पास झालोय, त्यामुळे माझं ऐकायचं तर दोनदा नापास झालेल्या माणसाचं ऐकतोयस हे धरून चाल. आणि एनडीए (गुप्ततेचा करार) असतो, खऱ्या परीक्षेतला एकही प्रश्न मी इथे सांगणार नाही, तुझ्याच उदाहरणांवर बोलू.

लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायला जाऊच नकोस. मी पहिल्या खेपेला तेच केलं आणि तोंडावर पडलो. तू ज्याला ‘दोन अर्थ’ म्हणतोयस त्यातली काही खरंच दुहेरी असतात आणि काही आपण घाईत अर्धं वाचलेली असतात, आणि ही दोन प्रकरणं पूर्ण वेगळी आहेत.

तुझं पहिलं घे. तिथे दुसरा अर्थ निघतच नाही रे. ‘एएस 65001 मधून बाहेर जाणारा’ असं लिहिलंय, ‘आर1 वरून बाहेर जाणारा’ असं नाही. तू ट्रेसरूट कुठून मारलास? आर1 वरून. आता आर3 वर जाऊन मार. वेट त्या राऊटरच्या बाहेर जात नाही, ते कोणाला सांगितलंच जात नाही, त्यामुळे आर3 ला तुझ्या वेटचा पत्ताच नाही, त्याच्याकडे स्वतःचा ईबीजीपी मार्ग आणि आर2 कडून आलेला आयबीजीपी मार्ग असे दोन, बाकी सगळं सारखं असेल तर ईबीजीपीच जिंकणार, म्हणजे आर3 च्या मागे बसलेली सगळी मंडळी सरळ आर3 च्याच लिंकने बाहेर. वेटनेच करायचा हट्ट असेल तर ते आर1 वर नाही, आर3 वर आर2 नेबरला लावावं लागेल. आर2 वर आत येणाऱ्या रूटला लोकल प्रेफरन्स 200 केलं की (डिफॉल्ट 100 असतो) तो अख्ख्या एएसमध्ये फिरतो, एकाच राऊटरवर काम झालं. त्या वाक्यातला एकेक शब्द काहीतरी कापत होता आणि तू फक्त ‘आर2 च्या लिंकने’ एवढंच उचललंस.

पण गंमत पुढे आहे. त्याच वाक्यात एक शब्द खरोखर दुहेरी आहे आणि तुझं तिकडे लक्षच गेलं नाही. बॅकअप! लोकल प्रेफरन्स लावून झाला की आर1 वर जाऊन बीजीपी टेबल बघ. आर3 कडून आलेला मार्ग तुला तिथे दिसणारच नाही. का? कारण आर3 चा स्वतःचा बेस्ट आता आर2 कडून आयबीजीपीने आलेला झाला, आणि आयबीजीपीने शिकलेलं दुसऱ्या आयबीजीपी नेबरला सांगायचं नाही हा नियम, म्हणून आर3 ने आपला बाहेरचा मार्ग आर1 कडून मागे घेतला. आता सांग, ‘आर3 ची लिंक बॅकअप असावी’ म्हणजे काय? आर2 ची लिंक पडल्यावर आर3 ने उठून काम सुरू करावं एवढंच? ते तर होईलच, आर2 ने मार्ग काढून घेतला की आर3 स्वतःचा वापरेल आणि सगळ्यांना सांगेल. की बॅकअप मार्ग आर1 च्या टेबलमध्ये आधीपासून हजर दिसला पाहिजे? तसं असेल तर आर3 वर बीजीपी ॲडव्हर्टाइज बेस्ट एक्स्टर्नल किंवा त्या जातीचं काहीतरी लागणार. इथे मी थांबलो असतो, आणि थांबून टास्कमध्ये ‘दिसणं’ या अर्थाचा शब्द शोधला असता. नाही सापडला तर साधा अर्थ धरायचा. जास्तीचं फीचर चालू करायचं नाही.

माझी सवय सांगतो. टास्क वाचला की कीबोर्डला हात लावायच्या आधी नोटपॅडमध्ये लिहायचं, हे झालं हे मी कुठल्या राऊटरवर, कुठल्या शो कमांडने सिद्ध करणार आणि तिथे नेमकं काय दिसलं पाहिजे. एक ओळ. तुझ्या टास्कला मी लिहिलं असतं ‘आर1, आर2, आर3 तिन्हीवर शो आयपी बीजीपी, बेस्टचा बाण आर2 च्या मार्गावर; मग आर2 ची बाहेरची लिंक शट, तिन्हीवर आर3 चा मार्ग’. हे लिहितानाच वेटचं उत्तर मेलं असतं, कारण आर3 चं नाव लिहावं लागलं असतं. पहिले पंधरा दिवस हे फार कंटाळवाणं वाटतं, वेळ वाया जातोय असं वाटतं, पण सोडू नको.

दुसऱ्या उदाहरणावर एक प्रश्न विचारतो, उत्तर दे मग बोलू. आर4 ज्या एरियात (ओएसपीएफ नेटवर्कचा एक भाग) आहे त्या एरियाबद्दल पुढच्या टास्कमध्ये काही लिहिलंय का?

नल_झिरो

केबलदादांचं बरंचसं पटतं पण एक बाजू राहिली. बाजारात मिळणाऱ्या वर्कबुकांमधले निम्मे घोळ हे कुठली मेख वगैरे काही नसून निव्वळ गलथान लिखाण असतं. ज्याने लिहिलं त्याने आधी सोल्यूशन तयार केलं, मग त्यावरून उलटा टास्क लिहिला, त्याच्या डोक्यात एकच उत्तर होतं म्हणून दुसरं निघू शकतं हे त्याला सुचलंच नाही. अशा टास्कमधल्या एकेका शब्दाचा कीस पाडत बसलात तर तुम्ही परीक्षेची नाही त्या लेखकाच्या स्वभावाची तयारी करताय.

लूपबॅकवाल्या टास्कमध्ये तुमचं उत्तर, जेवढं तुम्ही इथे लिहिलंय तेवढ्यावरून, बरोबर आहे. माझ्या मते स्वतःला पूर्ण मार्क द्या आणि पुढे जा. सोल्यूशन म्हणजे वेद नव्हेत. मी तर तिसरं उत्तर देतो, आर4 ला नेटवर्क स्टेटमेंटच ठेवा आणि एबीआरवर (एरिया जोडणाऱ्या राऊटरवर) एरिया रेंज (बारीक मार्गांऐवजी एकच मोठा मार्ग सांगणं) लावा, बाहेरच्या एरियातल्यांना स्लॅश 24 दिसेल. फक्त त्याच एरियातल्या बाकीच्यांना 32 च दिसत राहील, तर ‘बाकीचे राऊटर’ म्हणजे कोण यावर ते ठरेल. झालं, अजून एक दुहेरी शब्द.

रिडिस्ट्रिब्यूट कनेक्टेडबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. रूटमॅप (कुठले मार्ग घ्यायचे याची गाळणी) लावला होता का? नसेल तर आर4 वरचे ओएसपीएफमध्ये नसलेले बाकी सगळे कनेक्टेड इंटरफेससुद्धा आत ढकलले गेले असतील. ती चूक आहे, अर्थाचा प्रश्न नाही. दोन उत्तरं चालत असतील तर ज्याने आजूबाजूचं कमी हलतं ते घ्यायचं, एवढा एकच नियम मी पाळतो आणि तो प्रॉडक्शनमध्येही कामाला येतो.

पिंग_लागेना

@जुनी_केबल दादा तुम्ही मांत्रिक आहात का? आत्ता वर्कबुक उघडून बघितलं. दुसरा टास्क पाचव्या क्रमांकाचा होता. नवव्या टास्कमध्ये ‘एरिया 4 मध्ये बाहेरचे रूट येऊ नयेत म्हणून तो स्टब करा’ असं लिहिलंय. मी नवव्यापर्यंत पोचलोच नव्हतो कारण पाचव्यावर भांडत बसलो होतो!!

@नल_झिरो रूटमॅप नव्हता लावला, तपासलं, मॅनेजमेंटचा इंटरफेसही गेला होता आत. लाज वाटली.

आर3 वरून ट्रेसरूटही मारला. हो, सरळ आर3 च्याच लिंकने बाहेर जातोय. रविवारी आर3 वर मी लॉगिनसुद्धा केलं नव्हतं.

जुनी_केबल

मांत्रिक वगैरे काही नाही, त्या खड्ड्यात मी पडून आलोय.

बघ आता काय होतंय. आर4 एकट्या एरिया 4 मध्ये, तो एरिया स्टब झाला, स्टबमध्ये टाइप 5 एलएसए (बाहेरच्या मार्गांची माहिती) चालत नाही, म्हणजे तुझा रिडिस्ट्रिब्यूट केलेला लूपबॅक कुठेच जाणार नाही. राऊटर लॉगमध्ये ओरडतोसुद्धा की बाबा मी एएसबीआर (बाहेरचे मार्ग आत आणणारा) आहे आणि माझ्याकडे एकच एरिया आहे तोही स्टब. तो लॉग कोण वाचतो म्हणा त्या गडबडीत. म्हणजे पाचव्या टास्कला तुझं उत्तर ‘बरोबर’, आणि नववा केल्यावर पाचवा गेला, आणि तुला कळणारही नाही कारण पाचवा तू आधीच टिक केलेला. नवव्यात ‘स्टब’ च्या जागी ‘एनएसएसए’ (स्वतःचे बाहेरचे मार्ग आणू देणारा स्टब) असतं तर दोन्ही उत्तरं जगली असती.

म्हणून नल_झिरो यांना एक छोटी दुरुस्ती, पूर्ण मार्क द्यायची घाई नको, आधी सगळा पेपर वाचून घ्यायचा. पाच तासांच्या मॉड्यूलमध्ये पहिली वीस-पंचवीस मिनिटं मी काहीही टाइप न करता वाचण्यात घालवतो आणि शेजारी टोपॉलॉजीवर खुणा करतो, हा एरिया पुढे स्टब, इथे पुढे समरी, इथे ऑथेंटिकेशन. जो टास्क वाचताना दुहेरी वाटला त्यापुढे प्रश्नचिन्ह. निम्मी प्रश्नचिन्हं पुढचं वाचता वाचताच सुटतात. टास्क एकमेकांत गुंतलेले असतात, एकाचा खुलासा दुसऱ्यात असतो.

एरिया रेंजचं उत्तर मात्र मस्त आहे, मला सुचलं नव्हतं.

सबनेट_मावशी

उशिरा आले पण दोन गोष्टी राहिल्यात त्या सांगते.

रूट स्विचचं कोणी बोललंच नाही. रूट प्रायमरी ही कमांड तुम्ही मारता त्या क्षणी एकदाच हिशोब करते, तेव्हा जो रूट आहे त्याच्याकडे बघून 24576 लावते, किंवा तेवढ्याने भागत नसेल तर त्याच्याहून 4096 ने कमी. नंतर ती झोपते. उद्या कोणी 4096 चा स्विच आणून जोडला की तुमचं रूटपद गेलं. म्हणून ‘पुढे कोणताही स्विच जोडला तरी’ हे शब्द दिसले की प्रायमरी बाद. इथवर सोल्यूशन बरोबर. पण पोरा, ‘कोणताही’ म्हणजे कोणताही ना? नवीन स्विचचीही प्रायॉरिटी 0 असेल आणि त्याचा मॅक ॲड्रेस तुमच्यापेक्षा लहान निघाला तर? रूट तोच होणार. म्हणजे शब्दशः वाचलं तर सोल्यूशनही अपुरं आहे, रूट गार्ड लागणार, मग जास्त चांगला बीपीडीयू (रूट ठरवण्यासाठी स्विच पाठवतात तो संदेश) आला की तो पोर्टच अडवला जाईल. मी काय केलं असतं? प्रायॉरिटी 0 आणि रूट स्विचच्या पोर्टांवर रूट गार्ड, दोन्ही, जर कुठे ‘फक्त एकच कमांड वापरा’ असं म्हटलेलं नसेल तर. पहिला स्विच रूट असेल तर त्याचे चालू पोर्ट तसेही डेझिग्नेटेडच असतात, रूट गार्डने काही बिघडत नाही.

(आणि शो मध्ये प्रायॉरिटी 0 ऐवजी 10 दिसली म्हणून घाबरू नका, व्हीलॅनचा नंबर त्यात मिळवलेला असतो. माझ्या ओळखीतल्या एकाने याच कारणासाठी वीस मिनिटं घालवली आहेत. तो एक म्हणजे मीच.)

दुसरी गोष्ट प्रॉक्टरची, म्हणजे परीक्षेच्या निरीक्षकाची. इतकी चर्चा झाली आणि कोणी म्हणालं नाही की खोलीत विचारायला माणूस असतो. तो उत्तर देणार नाही, सोल्यूशन बरोबर की चूक हे तर मुळीच सांगणार नाही, पण शब्दाचा अर्थ विचारता येतो. कसं विचारायचं ते शिकावं लागतं आणि हे सरावात कोणीच शिकत नाही. ‘मी इथे वेट वापरलं तर चालेल का’ असं विचारलंत की तो म्हणणार टास्क पुन्हा वाचा. ‘बॅकअप म्हणजे नक्की काय’ असं मोघम विचारलंत तरी तेच. विचारायचं असं, ‘बॅकअपचा अर्थ मी असा घेतोय की मुख्य लिंक पडल्यावर दुसरी वापरात यावी, आधीपासून टेबलमध्ये दिसणं अपेक्षित नाही, टास्कचा रोख तसाच आहे का?’ आधी आपला अर्थ सांगायचा, मग हो की नाही विचारायचं. कमांडचं नाव काढायचंच नाही. आणि तरीही तो ‘टास्क पुन्हा वाचा’ म्हणालाच तर खरंच पुन्हा वाचा, बहुतेक वेळा त्याचा अर्थ उत्तर वाक्यातच आहे असा असतो.

सरावात प्रॉक्टर नसतो, म्हणून मी काय करायचे, असे प्रश्न वहीत लिहून ठेवायचे, पूर्ण वाक्यात. आठ तास संपले की सोल्यूशन उघडायच्या आधी ते परत वाचायचे. अर्धे प्रश्न वाचताना स्वतःलाच हसू यायचं, की हे तर तिथे लिहिलेलंच होतं.

अजून एक, डिझाइनच्या तीन तासांच्या मॉड्यूलमध्ये एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही, त्यामुळे ‘सगळं आधी वाचून घ्या’ हा केबलदादांचा सल्ला तिथे लागू नाही, तो नंतरच्या पाच तासांसाठी. डिझाइनमध्ये दुहेरी वाटलं तर समोर दिलेली कागदपत्रं, मेल वगैरे पुन्हा चाळायची. ग्राहकाने एखाद्या मेलमध्ये सहज म्हटलेलं असतं की आमच्या लोकांना अमुक प्रोटोकॉल येत नाही, आणि तेच उत्तर ठरवतं.

रात्रपाळी_नॉक

मला एक विचारायचंय याच धाग्यात, चालेल ना. ‘स्टॅटिक रूट वापरू नका’ असं वर सामान्य सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. मग बीजीपीत ॲग्रिगेट केलं की राऊटिंग टेबलमध्ये नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणारा इंटरफेस) एक रूट येतो तो चालतो का? आणि माझ्या एका लॅबमध्ये राऊटरच्या बाहेरच्या इंटरफेसला डीएचसीपीने ॲड्रेस घ्यायचा होता, घेतला तर टेबलमध्ये एस आणि चांदणी (स्टॅटिक डिफॉल्ट रूटची खूण) आली! मी घाबरून सगळं काढून टाकलं.

नल_झिरो

माझं नाव घेतल्यामुळे उत्तर मीच देतो. ॲग्रिगेटचा नल झिरो राऊटर स्वतः बनवतो लूप होऊ नये म्हणून, ईआयजीआरपी समरीचाही तसाच येतो, तुम्ही आयपी राऊट टाइप केलेलं नाही, त्यामुळे तो स्टॅटिक नाही. डीएचसीपीचा डिफॉल्ट रूट मात्र टेबलमध्ये स्टॅटिकसारखाच दिसतो, फक्त त्याचं डिस्टन्स 254 असतं, नुसत्या स्टॅटिकचं 1. रनिंग कन्फिगमध्ये आयपी राऊटची ओळ नसते. आता ‘वापरू नका’ म्हणजे कन्फिगर करू नका की टेबलमध्ये दिसूच नये? मी म्हणेन कन्फिगर करू नका, कारण टास्कनेच डीएचसीपी मागितलंय आणि त्याचा तो परिणाम आहे. एका सूचनेचा असा अर्थ घ्यायचा नाही की दुसरी सूचना पाळणंच अशक्य होईल. हे वाक्य मला कोणीतरी सुरुवातीला सांगायला हवं होतं.

रात्रपाळी_नॉक

आणि डीआर (ओएसपीएफमध्ये एका सेगमेंटचा मुख्य राऊटर)? ‘आर1 कायम डीआर असावा’. आर1 ला प्रायॉरिटी 255 दिली तरी तो रीबूट झाला की दुसरा बसतो आणि मग उठत नाही.

जुनी_केबल

डीआर हिसकावून घेता येत नाही ओएसपीएफमध्ये, एचएसआरपीसारखं प्रीएम्प्ट नाही तिथे. ‘कायम’ शब्द असेल तर बाकीच्यांना प्रायॉरिटी 0. पण मग बीडीआर (राखीव डीआर) कोणीच नाही आणि आर1 पडला तर त्या सेगमेंटवर डीआरच नाही. त्यामुळे पुढे कुठे ‘आर1 गेल्यास आर2 ने जागा घ्यावी’ असं लिहिलं असेल तर 0 चालणार नाही, मग 255 आणि त्याच्याखाली आर2, बाकीचे 0, आणि ‘कायम’ चा अर्थ थोडा सैल धरावा लागतो. दोन वाक्यं भांडतायत असं दिसलं की हाच प्रश्न प्रॉक्टरला विचारण्यासारखा असतो, मावशींनी सांगितलं तसा.

आणि 255 देऊन प्रोसेस क्लिअर करायला विसरू नका, नाहीतर जुनाच डीआर बसलेला राहतो आणि वाटतं कमांड चालली नाही. एकाच राऊटरवर क्लिअर करून कधी कधी भागत नाही, सध्या जो डीआर आहे त्याच्यावर करा.

सबनेट_मावशी

सरावाचा एक खेळ सांगायचा राहिला. तुमचं उत्तर आणि सोल्यूशन वेगळं आलं आणि दोन्ही चालतायत असं दिसलं की तो टास्क स्वतः पुन्हा लिहायचा, असा की फक्त सोल्यूशनच बसेल. मग अजून एकदा, असा की फक्त तुमचंच बसेल. लूपबॅकवाल्याला पहिल्यात काय वाढवावं लागेल? ‘एक्स्टर्नल रूट म्हणून दिसू नये’ एवढंच. दुसऱ्यात? ‘लूपबॅक इंटरफेसखाली काहीही बदलू नका’. असे दहा-बारा टास्क लिहिलेत की कुठला शब्द काय कापतो ते हाताला कळायला लागतं. ‘इंडस्ट्री स्टँडर्ड’ दिसलं की एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधायचा प्रोटोकॉल), ‘या स्विचने स्वतःहून सुरुवात करू नये’ दिसलं की पॅसिव्ह, ‘मेट्रिक वाटेत वाढत जावं’ दिसलं की ई1 (ओएसपीएफमधल्या बाहेरच्या मार्गाचा एक प्रकार), हे पाठ करायची गरज राहत नाही.

जोडीदार मिळाला तर एकमेकांना टास्क लिहून द्या. मी आणि एक मैत्रीण करायचो. ती मुद्दाम असं लिहायची की मी चिडायचे.

नल_झिरो

हा खेळ भारी आहे. मी वर्कबुकवाल्यांवर जे तोंडसुख घेतलं ते कायम आहे, पण वाईट लिहिलेले टास्क फेकून देण्याऐवजी दुरुस्त करत बसणं हा चांगला उपयोग आहे त्यांचा.

पिंग_लागेना

सगळ्यांचे आभार, एक आठवडा झाला, अपडेट देतो.

तीच लॅब पुन्हा केली, ईव्ह-एनजीमध्ये (संगणकावर लॅब चालवायचं सॉफ्टवेअर) सगळं पुसून कोऱ्या कन्फिगपासून. आधी पंचवीस मिनिटं वाचलं, सात प्रश्नचिन्हं पडली, वाचून होईपर्यंत त्यातली चार गेली. प्रत्येक टास्कसमोर शो कमांडची ओळ लिहिली, खरंच कंटाळा येतो, पण चौदाव्या टास्कला त्या ओळीनेच पकडलं. ट्रंकवर ‘फक्त 10 आणि 20 व्हीलॅन’ हवे होते, मी अलाउड व्हीलॅन 10 लावलं, मग दुसऱ्या ओळीत 20 लावलं आणि ‘ॲड’ लिहायला विसरलो, म्हणजे 20 ने 10 ला पुसून टाकलं. नोटपॅडमध्ये ‘10 आणि 20 दोन्ही दिसले पाहिजेत’ लिहिलं होतं म्हणून शो मध्ये बघितलं, नाहीतर गेलोच होतो.

बॅकअपवाला प्रयोगही केला. लोकल प्रेफरन्स लावल्यावर आर1 वर खरंच एकच मार्ग राहिला, आर3 चा गायब. माहीत नसतं तर मी घाबरून लोकल प्रेफरन्स काढला असता. आर2 ची लिंक शट केली, आर3 आला, पुन्हा चालू केली, आर2 परत. मग गंमत म्हणून आर3 वर बेस्ट एक्स्टर्नल लावून बघितलं तर आर1 वर दोन्ही दिसायला लागले.

उरलेल्या तीन प्रश्नचिन्हांपैकी दोन मावशींच्या पद्धतीने वाक्यात लिहिली आणि लिहिता लिहिताच सुटली. तिसरं अजून आहे. ‘आर6 ने एनटीपीसाठी आर1 कडून वेळ घ्यावी आणि स्ट्रॅटम 4 असावा.’ स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासून कितवी पायरी) 4 कोणाचा, आर1 चा की आर6 चा? आर1 वर एनटीपी मास्टर 4 लावलं तर आर6 वर 5 दिसतो.

सबनेट_मावशी

वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघ की.

पिंग_लागेना

आर6. म्हणजे मास्टर 3. बरं.

जुनी_केबल

आणि शो एनटीपी असोसिएशन्स मारायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांब, सिंक व्हायला वेळ लागतो. मी एकदा दोन मिनिटांत सिंक झालं नाही म्हणून चालू असलेलं कन्फिग काढून टाकलेलं आहे.